स्टारक्राफ्ट टू ची मेडिव्हॅक : बरेच महिने उडवल्यावर

स्टारक्राफ्ट टू या कॉम्प्युटर गेममध्ये टेरन (म्हणजे माणसांची बाजू) खेळायला लागून बरेच महिने झालेत आणि सगळ्यात जास्त शिव्या मी कुणाला घातल्या असतील तर मेडिव्हॅकला, आणि तिच्याशिवाय पान पण हलत नाही. ज्यांनी जुना गेम खेळलाय त्यांना आठवत असेल, १९९८ च्या स्टारक्राफ्टमध्ये माणसं न्यायला ड्रॉपशिप होती, मग ब्रूड वॉरमध्ये उपचाराला वेगळी मेडिक आली. २०१० ला दुसरा भाग आला तेव्हा दोन्ही कामं एकाच विमानाच्या, म्हणजे मेडिव्हॅकच्या, गळ्यात मारली, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

किंमत १०० मिनरल, १०० गॅस. स्टारपोर्टला (विमानं बनवणारी इमारत) रिॲक्टर हा जोड लावला की दोन-दोन निघतात. आत ८ मरीन (साधे शिपाई) नाहीतर ४ मॅरॉडर (जाड चिलखतवाले) नाहीतर २ टँक. बंदूक म्हणाल तर एकही नाही.

उपचार मात्र एक नंबर. मरीनला हेल्थ मुळात ४५, शील्डचं अपग्रेड घेतलं तर ५५, त्यातले १० दर स्टिमला (थोडा वेळ वेग वाढवणारं इंजेक्शन) जातात, म्हणजे वर मेडिव्हॅक नसेल तर दोन-तीन स्टिममध्ये पोरं अर्धमेली होतात आणि असेल तर तीच पोरं बिनधास्त समोरच्याच्या बेसमध्ये घुसतात. पण हे फक्त हाडामांसाच्या माणसांसाठी बरं का, टँकला काही उपयोग नाही, तिथे दुरुस्तीला एससीव्हीच (टेरनचा कामगार) लागते. आणि गंमत बघा, जखमीला उचलून आत घेतलं की उपचार बंद! खाली उभं राहून मार खाणाऱ्याला मलमपट्टी आणि आत बसलेल्याला ठेंगा, ही कसली ॲम्ब्युलन्स राव. नुसती पळवून नेते.

पळवते मात्र झकास. २०१३ च्या हार्ट ऑफ द स्वॉर्ममध्ये बूस्ट आला, एनर्जी पण लागत नाही त्याला, चारेक सेकंद सुसाट. समोरच्याचे कामगार खणत असतात त्या मिनरल लाईनवर पोरं उतरवायची (ह्यालाच ड्रॉप म्हणतात), प्रोब (प्रोटॉस बाजूचे कामगार) मारायचे, समोरच्याची फौज परत आली की सगळ्यांना उचलून बूस्ट मारून पसार, समोरचा नुसता धावत बसतो. यासारखं सुख नाही. फक्त जाताना बूस्ट वाया घालवू नका, तो परतीसाठी राखायचा, कारण भरलेली मेडिव्हॅक पडली की आतले आठच्या आठ पण गेले.

आता खरी बोंब. दोन मेडिव्हॅक ड्रॉपला पाठवल्या की मोठ्या फौजेवर उपचाराला कोण? तेवढ्यात तिकडे लढाई लागली की मरीन पटापट मरतात, आणि ड्रॉपमधून जे कमावलं ते इथे गेलं. म्हणून मला जुनी वेगळी मेडिक अजून बरी वाटते, लोक काहीही म्हणोत.

अजून एक, मेडिव्हॅक फौजेबरोबर एकाच ग्रुपमध्ये ठेवून नुसतं राईट क्लिक केलं तर ह्या बाया मरीनच्या पुढे निघून जातात आणि उपचार न करता पहिल्या मार खातात. अटॅक मूव्हच (वाटेत लढत जायचा हुकूम) द्या. प्रोटॉसचा हाय टेम्प्लर (त्यांचा जादूगार) दिसला तर लांबच ठेवा, त्याच्या फीडबॅक नावाच्या माऱ्यात जेवढी एनर्जी साठलेली तेवढा फटका मोठा, म्हणजे एनर्जी जपून ठेवलेल्या मेडिव्हॅकलाच जास्त बसतो.

नवीन टेरन असाल तर पहिल्या दोन मेडिव्हॅक फौजेबरोबरच राहू द्या. ड्रॉपचा नाद नंतर, आणि झर्गविरुद्ध (तिसरी बाजू) असाल तर आधी म्युटालिस्क (त्यांचे उडते प्राणी) कुठे फिरतायत ते बघा.