३५ मिमीची एकच लेन्स आणि पुण्यातला वसंत: पाच महिन्यांनंतरचा अनुभव

संक्रांतीच्या चार दिवस आधी मी एक छोटा, आधी कुणीतरी वापरलेला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा आणि त्याच्यावरची ३५ मिमी एफ/२ लेन्स विकत घेतली (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं). दोन्ही मिळून ४१,००० रुपये पडले. कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, एपीएस-सी या लहान आकाराचा आहे, त्यामुळे ही लेन्स फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरवरच्या, साधारण ५२ मिमीसारखी चौकट देते. झूम नाही. मेक आणि मॉडेल इथे लिहीत नाही, कारण या मापाची लेन्स जवळपास सगळ्याच कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचं आहे ते त्या मापाबद्दल आहे.

घ्यायचं कारण साधं होतं. डेक्कनला बसमधून उतरून मी जंगली महाराज रस्त्याने शिवाजीनगरच्या ऑफिसपर्यंत चालत जाते. वीसेक मिनिटांची वाट. या रस्त्यावर मोठी झाडं आहेत आणि वर्षानुवर्षं मी त्यांच्याखालून मान खाली घालून गेले आहे. यंदा ठरवलं की फाल्गुन-चैत्र नीट बघायचा, रोज, आणि त्यासाठी वेगळी सुट्टी काढायची नाही.

पहिले पंधरा दिवस चिडचिडीत गेले. मोबाइलच्या रुंद चौकटीची सवय झालेली असते. त्यात रस्ता, झाड, बस, आकाश सगळं मावतं. इथे झाड घ्यायचं तर पलीकडच्या फुटपाथवर जावं लागतं आणि फांदी घ्यायची तर फांदीखाली उभं राहावं लागतं. जानेवारीतले माझे बहुतेक फोटो अर्धवट कापलेल्या झाडांचे आहेत. पण फेब्रुवारी उजाडेपर्यंत कुठे उभं राहिलं की काय मावेल हे डोळ्यांना आपोआप कळायला लागलं. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकट दिसायची. झूम असती तर हे मला इतक्या लवकर जमलं नसतं, याची मला खात्री आहे.

काटेसावरीने मात्र रडवलं. फेब्रुवारीच्या मध्यावर आमच्या वाटेजवळच्या एका सोसायटीतली काटेसावर फुलली. एकही पान नाही, नुसती लाल फुलं, आणि सकाळी त्यावर साळुंक्या, कावळे, शिंजीर, पळसमैनांचे थवे यांची नुसती झुंबड. हे सगळं चाळीस-पन्नास फूट उंचावर! ३५ मिमीत पळसमैना म्हणजे एक गुलाबी-काळा ठिपका. पक्षी हा ज्यांचा मुख्य विषय आहे त्यांनी ही लेन्स घेऊ नये, इतकं स्पष्ट सांगते. वेताळ टेकडीवर मोर समोरून चालत गेला तेव्हाही माझ्या फोटोत वाळलेलं गवतच जास्त आलं.

मग एका सकाळी माझ्या पुढ्यात धप्पकन आवाज झाला. काटेसावरीचं फूल पडलं की खरंच आवाज होतो, इतकं ते जड असतं. ते एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर उताणं पडलं होतं. पाच जाड, मेणचट, बाहेर वळलेल्या पाकळ्या, मधे पुंकेसरांचे झुबके, त्यांच्या टोकांना काळपट परागकोश, आणि त्यात एक मधमाशी अजून कामात. लेन्स जितकी जवळ जाऊ शकते तितकी नेली. माझी लेन्स ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, म्हणजे ही काही मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायची लेन्स, नव्हे. पण तळहाताएवढ्या फुलाला तेवढं पुरलं. एफ/४ ठेवलं, मधमाशी स्वच्छ आली आणि मागचा रस्ता विरघळला. तेव्हापासून मी वर बघणं कमी करून खाली बघायला लागले. वावळाच्या कागदी, गोल, पंखवाल्या बिया मार्चमध्ये गटाराच्या कडेला साचतात, वाऱ्याची झुळूक आली की सगळ्या एकदम सरकतात. कडुनिंबाचा बारीक पांढरा फुलोरा स्कूटरच्या सीटवर शिंपडल्यासारखा पडतो. शहरातला वसंत असा निम्मा जमिनीवरच असतो, आणि या लेन्सच्या अगदी टप्प्यात असतो.

आता लाल रंगाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण यात माझे दोन रविवार वाया गेले. पळस आणि पांगारा उन्हात काढले की फूल म्हणजे नुसता केशरी-लाल गोळा दिसायचा. पाकळीवरची रेघ नाही, लव नाही, काही नाही. मला वाटलं फोकस चुकतोय. फोकस बरोबर होता. कॅमेरा उजेडाचा अंदाज सगळ्या चौकटीवरून घेतो. पळसाच्या फुलात हिरवा-निळा अगदी कमी आणि लाल भरमसाट असतो, त्यामुळे एकूण उजेड ठीक आहे असं समजून कॅमेरा फोटो काढतो आणि लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, तेवढा भरून सांडतो. सांडलेला तपशील नंतर कॉम्प्युटरवर परत येत नाही. उपाय दोन. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण स्टॉपने खाली घ्यायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती आहे ते दाखवणारा आलेख, एकत्र न बघता तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघायचा. लाल रेघ उजव्या भिंतीला टेकली की आणखी खाली. हे कळल्यानंतर विद्यापीठाच्या आवारात काढलेल्या पळसाच्या फोटोत पाकळीवरची मखमली लव दिसते आहे. तो एक फोटो माझ्या दृष्टीने सगळ्या खर्चाचं मोल देऊन गेला.

नीलमोहराचा त्रास वेगळा. डोळ्याला जांभळा, फोटोत निळसर. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय, बंद करून ‘डेलाइट’वर ठेवलं की बराच सुधारतो, पूर्ण नाही.

आणि कोवळी पानं! करंजाला नवी पालवी फुटली की तिच्यातून गाळून येणारा उजेड पोपटी असतो. त्याखाली उभ्या माणसाचा चेहरा आजारी दिसतो. नणंदेच्या मुलीचे वाढदिवसाचे फोटो मी संभाजी उद्यानात अशाच एका झाडाखाली हौसेने काढले आणि सगळ्यांत ती हिरवट आली. माणसांचे फोटो सावलीच्या आत काढण्यापेक्षा सावलीच्या कडेला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून काढावेत, हे तेव्हा शिकले.

माझी रोजची सेटिंग्ज सांगते: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते मी ठरवते, बाकी कॅमेरा), एफ/५.६, ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत, शटर कमीत कमी १/२५० सेकंद. मार्चमध्ये दुपारनंतर वारा सुटतो आणि पानं एक क्षण स्थिर राहत नाहीत, म्हणून १/२५०. वेळ सकाळची साडेसात ते साडेआठ. दहानंतर पुण्यातलं ऊन असं डोक्यावर येतं की झाडाखाली काळोख आणि रस्त्यावर पांढरा फटफटीत उजेड, दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. टेकडीवर जायचं तर साडेसहाला पायथ्याशी हवं.

माणसांच्या बाबतीत या लेन्सने मला सभ्यता शिकवली, कारण लांबून चोरून फोटो काढणं तिच्यात शक्यच नाही. चार पावलांवर जावं लागतं, म्हणजे बोलावं लागतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी मंडईबाहेर एक मावशी साखरेच्या गाठी विकत होत्या. विचारलं, “मावशी, फोटो काढू का?” त्या म्हणाल्या, “माझा नको, गाठींचा काढ. आणि दोन गाठी घेऊन जा.” घेतल्या. तिरपं ऊन गाठींच्या मागून येत होतं आणि साखरेच्या आतून उजेड पाझरत होता, पांढरी गाठ कडांना मधासारखी दिसत होती, दोरा आतून जाताना दिसत होता. इथे पळसाच्या उलट करावं लागलं, एक्स्पोजर थोडं वर, नाहीतर पांढरी साखर करडी येते. मावशींना प्रिंट नेऊन दिली, तेव्हा त्यांनी ती गल्ल्यावर खोचून ठेवली. एप्रिलमध्ये गेले तेव्हा त्याच जागी करवंदं होती.

आता नुकसानीचं. १९ मार्चला रंगपंचमी होती. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, लेन्सपुरतं भोक पाडून, पुढे फिल्टर लावून मी गल्लीत उतरले. पाण्यापासून तो वाचला, पण कोरडा रंग पिशवीच्या भोकातून आत गेला आणि फोकस रिंगच्या फटीत बसला. संध्याकाळी रिंग फिरवली तर खरखर. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला दिली. “दोन दिवसांत देतो” म्हणणाऱ्या दुकानदाराने नवव्या दिवशी दिली आणि साफसफाईचे २,२०० रुपये घेतले. रिंग आता फिरते, पण आधीची लोण्यासारखी गोडी गेली. सीलबंद नसलेली लेन्स घेऊन रंगात जाऊ नका. एक दिवस मोबाइलवर भागवा.

बॅटरी हा दुसरा मुद्दा. वापरलेल्या कॅमेऱ्याबरोबर आलेली बॅटरी किंचित फुगलेली निघाली आणि विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं. घेताना बॅटरी बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवून बघा, डुलली तर नको म्हणा. नवी बॅटरी ३०० फोटो देते, माझा आठवडा त्यात निघतो. टेकडीवर वाऱ्यात लेन्स काढून बघण्याचा मोह मला एकदाच झाला, त्याचे धुळीचे ठिपके अजून एफ/११ ला आकाशात दिसतात.

वजन जाणवत नाही. पर्समध्ये डबा, छत्री आणि हा कॅमेरा एकत्र मावतात, आणि रोज बरोबर असण्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. पाच महिन्यांत कामाच्या दिवशी तो मी जेमतेम दहा-बारा वेळा घरी विसरले असेन. यंदा मे संपायच्या आतच पाऊस आला, त्यामुळे आता तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असतो. बुरशी लागली की लेन्स गेलीच.

लांब पल्ल्याची लेन्स घेणार का, असं मला दोघी-तिघींनी विचारलं. नाही. पुढच्या फेब्रुवारीत काटेसावरीच्या दिवसांत आठवडाभर भाड्याने आणेन.

शेवटी पिंपळाबद्दल, कारण खरं म्हणजे त्याच्यासाठीच एवढं लिहायला बसले. सिग्नलजवळच्या एका पिंपळाचा मी रोज एकाच जागेवरून, फुटपाथच्या एकाच तुटक्या फरशीवर उभं राहून फोटो काढत होते. फेब्रुवारीअखेर तो पिवळा पडला, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पार उघडा झाला. सासूबाई म्हणायच्या, “अगं, रोज तेच झाड काय काढतेस?” मी म्हटलं, “आई, नवी पानं फुटतील ना, ती बघायचीत.” आणि नेमकी लेन्स दुरुस्तीला असतानाच तो फुटला. मिळाली तेव्हा पानं तांब्याच्या रंगाची, पातळ, तळहाताएवढी होऊन उन्हात हलत होती. पहिल्या टोकेरी कोंबांचे दिवस निघून गेले होते. मोबाइलवर काढले होते, पण चौकट जुळेना.

मेमध्ये बारा फोटोंच्या छोट्या प्रिंट काढल्या. आईंनीच त्या देवघराच्या बाजूच्या भिंतीवर ओळीने लावल्या, चष्मा लावून, तारखा बघत. उघड्या झाडाचा चौथा फोटो आणि तांबड्या पानांचा पाचवा, यांच्यामध्ये त्यांनी एका फोटोएवढी जागा सोडली आहे. मी चिकटपट्टी घेऊन सरकवायला गेले तर म्हणाल्या, “राहू दे. पुढच्या वर्षीचा लाव तिथे.”