व्हिक्टोरिया (२०१५): दरोडा बँकेत, आपण गाडीत

बँक दरोड्याचा पिक्चर म्हटलं की डोक्यात एक साचा असतो, टेबलावर पसरलेला नकाशा, एक अतिशहाणा म्होरक्या, तिजोरी, मग शेवटी सगळ्यांना गंडवून कुणीतरी पसार. यात त्यातलं काहीच नाही. दिग्दर्शक सेबास्टियन शिपर, शहर बर्लिन, आणि १३८ मिनिटांचा आख्खा पिक्चर एकाच शॉटमध्ये. मला आधी वाटलं फेकतायत, कुठंतरी अंधारात जोडकाम केलं असणार, दोन-तीनदा मागे नेऊन बघितलं पण काही सापडलं नाही, कारण नाहीचे. पहाटे साडेचारच्या सुमारास कॅमेरा चालू केला तो पार उजाडेपर्यंत बंदच नाही केला. असे तीन टेक घेतले, त्यातला तिसरा आपण बघतो. स्क्रिप्ट म्हणे १२ पानांची, बाकी बोलणं नटांनी जागच्या जागी केलेलं.

गोष्ट थोडक्यात, माद्रिदहून आलेली व्हिक्टोरिया (लाया कोस्टा) कॅफेत काम करते, ओळखीचं कुणी नाही, क्लबबाहेर चार टवाळ पोरं भेटतात. हिला जर्मन येत नाही, त्यांना स्पॅनिश येत नाही, सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. (इंग्रजी फार झालं म्हणून ऑस्करच्या परकीय भाषेच्या स्पर्धेत घेतला नाही, घ्या.) पहिला तासभर नुसती उनाडक्या चालतात. दुकानदार झोपलाय बघून बिअर उचलायची, गच्चीवर जाऊन बसायचं, गप्पा. माझा भाऊ इथेच झोपला आणि मीही एकदा मोबाईल हातात घेतला, खोटं कशाला बोलू. पण मग कॅफेत ती पियानोवर लिस्ट या संगीतकाराचा मेफिस्टो वॉल्ट्झ वाजवते आणि समजतं की ही एकटी का आहे, तिथून मी मोबाईल खाली ठेवला तो ठेवलाच.

पोरांपैकी बॉक्सर नावाचा एक जेलमध्ये जाऊन आलाय, तिथल्या संरक्षणाची किंमत आता बँक लुटून चुकवायचीय, एकजण पिऊन आडवा, म्हणून ड्रायव्हर कोण तर ही. आणि दरोडा? आपल्याला दिसतच नाही! पोरं आत जातात, कॅमेरा हिच्याबरोबर गाडीत. आत काय चाललंय कळत नाही, त्यात गाडी बंद पडते आणि परत चालूच होईना. एवढंच. पण कट नसल्यामुळे पुढचा शॉट येऊन सुटका करेल ही सोयच नाही, तिच्याइतकंच आपणही अडकतो, आणि त्या पोरांबरोबर तासभर वाया घालवलेला असतो ना, म्हणून जीव टांगणीला लागतो. तो कंटाळवाणा तास काढून टाकला असता तर इथे काहीच वाटलं नसतं.

न पटलेलं एकच. तासाभराच्या ओळखीवर इतक्या पटकन कोण हो म्हणेल? एकटेपणा वगैरे मान्य, तरी नाही पटलं. शेवटही मला किंचित लांबला असं वाटलं, पण लाया कोस्टा त्यात जे करते ते बघताना घड्याळाकडे लक्ष जात नाही.

नील्स फ्रामचं संगीत हेडफोनवर ऐका, एके ठिकाणी क्लबमधला आवाज बंद होऊन फक्त तेच उरतं. कॅमेरामन स्टुर्ला ब्रांट ग्रोव्लेनला बर्लिन महोत्सवात सिल्व्हर बेअर हा पुरस्कार मिळाला, आणि शेवटच्या पाट्यांमध्ये पहिलं नाव दिग्दर्शकाचं नाही, त्याचं आहे. एवढा वेळ कॅमेरा घेऊन जिने चढला, पळाला, गाडीत घुसला, मला तर नुसतं बसून पायाला मुंग्या आल्या होत्या.