नाशिक कोर्टातली मोफत वकिलाची सेवा, तस्करीतून सुटलेल्या परदेशी मुलीसाठी

सीबीएस बस स्टँडजवळ जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी संस्थेचं ऑफिस आहे, समोरून रोज जाणाऱ्या कितीतरी लोकांना ते माहीतच नसतं. मी गेले ते एका बांगलादेशी मुलीसाठी. घरकाम देतो म्हणून तिला आणलं आणि इकडे भलत्याच धंद्यात ढकललं, सुटका झाली तर जो तो आधी विचारतोय पासपोर्ट कुठाय. त्याआधी एका खासगी वकिलाकडे गेलो होतो, त्यांनी कागद नाहीत म्हटल्यावर पुढचं ऐकूनच घेतलं नाही, केस होणार आणि डिपोर्ट करणार म्हणे, वर फी अशी सांगितली की आम्ही उठलोच.

इथे अर्ज साधा आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यातल्या कलम १२ मध्ये तस्करीच्या पीडितांना मोफत वकील हा हक्क दिलेला आहे आणि त्यात भारतीयच पाहिजे अशी अट नाही, त्यामुळे "ती आपली नाही" म्हणून कोणी परत पाठवत असेल तर ऐकू नका.

प्राधिकरणाच्या पॅनलवरच्या, म्हणजे त्यांनी नेमून दिलेल्या वकीलताईंनी जे सांगितलं ते सगळ्यांना कळलं पाहिजे. केंद्रीय गृह मंत्रालयाची १ मे २०१२ ची ॲडव्हायझरी, म्हणजे राज्यांना दिलेली सूचना आहे, तपासात ती बाई पीडित निघाली, स्वतःच्या मर्जीने आली नाही असं दिसलं तर फॉरेनर्स ॲक्टखाली (परदेशी लोकांबद्दलचा तेव्हाचा कायदा) तिच्यावर चार्जशीट टाकू नये, टाकली असेल तर मागे घ्यायची पावलं उचलावीत, परत पाठवायचं ते परराष्ट्र मंत्रालयामार्फत आणि तोपर्यंत तिला निवारागृहात सांभाळावं. आरोपी म्हणून जेलमध्ये जाणं कुठे आणि पीडित म्हणून रीतसर घरी जाणं कुठे! पण हे आपोआप होत नाही हो, तिला कसं फसवलं, कोणी आणलं, पैसे कोणी घेतले हे जबाबात आलं पाहिजे आणि तपास अधिकाऱ्यासमोर ॲडव्हायझरी कोणीतरी ठेवली पाहिजे. म्हणून जबाबाच्या आधीच वकील मागा. आणि बंगाली नीट येणारं कोणीतरी सोबत असू द्या, घाबरलेली मुलगी मोडक्या हिंदीत अर्धं सांगतच नाही.

माझा राग आहे तो कायद्यावर. १ सप्टेंबर २०२५ पासून जुना फॉरेनर्स ॲक्ट जाऊन नवीन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला, विना कागद आत येण्याला ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पीडितांचं संरक्षण मात्र अजून ॲडव्हायझरीच्या भरवशावर. अमेरिकेने २००० सालीच कायदा करून तस्करीच्या पीडितांसाठी टी व्हिसा आणला, वर्षाला ५,००० पर्यंत पीडितांना देतात, साधारण ४ वर्षं राहता येतं, काम करता येतं, पुढे ग्रीन कार्डसाठी अर्जही करता येतो. आपल्याकडे तिला परत जायचंच नसेल, गावातलाच दलाल दारात उभा राहील अशी भीती असेल, तर थांबायचा असा हक्क कायद्यात नाहीये. बांगलादेशाबरोबर २०१५ मध्ये तस्करीविरोधी करार झालाय, पण त्यातही भर सुटका करून परत पाठवण्यावर आणि तिकडच्या पुनर्वसनावर आहे.

सेवेला माझे पाचपैकी पाच, वकीलताई फोन उचलतात, मुलीशी आवाज चढवून बोलत नाहीत, कोर्टात काय होणार ते आधी समजावून सांगतात. कोर्टात जाणं जमत नसेल तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा, तो पण मोफत आहे.