आइस मेकर: ओट्यावरचा की फ्रिजमधला?

बर्फ किती झटपट पडतो हे दुकानदार सांगतोच. निगा कशाला जास्त लागते, हे घरी आणल्यावर कळतं. माझ्याकडे आधी ओट्यावरचा सुटा आइस मेकर होता. आता फ्रिजमधला, टाकीत हाताने पाणी भरायचा वापरतोय.

सुट्याचं कौतुक आधी. दहाएक मिनिटांत पहिला घाणा पडतो आणि बर्फाला फ्रिजचा वास लागत नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये हवा सगळीकडे खेळते, त्यामुळे चिरलेला कांदा उघडा राहिला की कोकम सरबतातही कांदा!

क्षारांचा त्रास मात्र सुट्यात जास्त. त्यात टोपलीतला बर्फ वितळून खालच्या टाकीत उतरतो आणि त्याच पाण्याचा पुन्हा बर्फ होतो. गोठताना क्षार मागे उरतात, म्हणजे पाणी दर घाण्याला आणखी जड. बोअरचं पाणी असेल तर ज्या गार दांड्यांभोवती बर्फ धरतो त्यांच्यावर पांढरा थर बसतो आणि बर्फ सुटेनासा होतो. किराणा दुकानातलं लिंबूफूल पाण्यात विरघळवून फिरवलं की थर जातो. मग दोन-तीनदा खळबळून पहिला बर्फ फेकायचा. आरओचं पाणी हा सोपा उपाय खरा, पण काही यंत्रांचा सेन्सर पाण्यातल्या क्षारांवरच चालतो. अगदी शुद्ध पाणी घातलं की टाकी भरलेली असूनही ‘पाणी भरा’चा दिवा लागलेलाच.

एवढंही मी चालवून घेतलं असतं. मला कंटाळा आणला तो बुचाने. पाणी काढायचं बूच तळाशी, म्हणून अख्खं धूड उचलून सिंकच्या काठावर तिरकं धरायचं. तरी कोपऱ्यात ओंजळभर पाणी उरतंच. ते फडक्याने टिपलं नाही तर बुळबुळीत, गुलाबीसर थर धरतो आणि तिथे बोटही नीट पोचत नाही. फ्रिजमधल्याची टाकी आणि बर्फाचा खण बाहेर येतात, भांड्यांबरोबर घासून होतात. बर्फ संथ पडतो, जुना झाला की गोळा होऊन बसतो. आठवड्याला फेकावा लागतो, इतकंच.

घरी सतत पाहुण्यांचा राबता असेल तर सुटा घ्यायला हरकत नाही. फक्त दुकानातच बूच उघडून, टाकीत हात घालून बघा. आणि वापर नसेल तेव्हा पाणी काढून झाकण उघडंच ठेवा.