गावरान तलंगा म्हणून विकलेल्या चोच कापलेल्या कोंबड्या

आखाड जवळ आला की आमच्या कराड-पाटण पट्ट्यात गावरान कोंबड्या विकणारे टेंपो फिरायला लागतात. खाणाऱ्याला श्रावणाआधी कोंबडा हवा असतो आणि दारात कोंबड्या पाळणाऱ्याला लवकरच अंड्यावर येणारी तलंग. दोघांनाही माल देणारा माणूस एकच. गेल्या वर्षी अशाच एकाने तलंगा म्हणून आमच्या दारात ज्या उतरवल्या, त्या पोल्ट्रीच्या पिंजऱ्यातून रद्द केलेल्या म्हाताऱ्या कोंबड्या निघाल्या. पैसे गेले त्याचं एवढं नाही. त्यांच्या पायी घरच्या रवणीतून वाढवलेल्या आमच्या कोंबड्या मेल्या, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमच्या सासूबाईंचा जन्म कोंबड्यांत गेला. कोणती कोंबडी खुडूक झाली, कोणतं अंडं वांझ, ते दिव्यासमोर धरून सांगतात. त्यांना फसवणं सोपं नव्हतं. त्या माणसाने ते कसं जमवलं, हेच खरं सांगण्यासारखं आहे.

तो दिवेलागणीला आला. टेंपोत वरच्या डालग्यात खऱ्या गावरान होत्या, एक करडी, एक ठिपक्यांची, एक काळी. त्यातली एक त्याने सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी वजन पाहिलं, पंख उलगडले, पाय पाहिले आणि मान डोलावली. ‘मावशी, जातिवंत हाय. म्हैन्याभरात अंड्यावर येत्यात बघा. सगळ्या एकाच घरच्या.’ भाव एकीला ४५० रुपये. मोबाइलला रेंज नाही म्हणून रोखच घेतले. मग मागच्या बाजूने पाय बांधलेल्या, उलट्या लटकवलेल्या जुड्या काढून त्याने पोत्यांत घातल्या आणि वर सल्लाही दिला, ‘रातभर पोत्यातच राहू द्या, नवी जागा हाय, आत्ता सोडल्या तर बुजत्यात.’ अंधारात कोंबडी गप्प राहते आणि उलटी धरली की चोच खाली जाते. सकाळ होईपर्यंत कुणाला काही दिसू नये, एवढीच त्या सल्ल्यामागची काळजी.

जाताना त्याने आणखी एक बाटली विकली, २०० रुपयांना. ‘मानमोडीची लस, पाण्यातनं द्या.’ आत गुलाबी पाणी. शर्टाच्या खिशातून काढलेलं.

सकाळी पोती सोडली तर सगळ्या एकाच विटकरी रंगाच्या. माना उघड्या पडलेल्या, नखं लांब वाढून वळलेली. वरची चोच खालच्या चोचीपेक्षा आखूड, बोथट. ज्वारी टाकली तर आमच्या कोंबड्या तुटून पडल्या, ह्या उभ्याच. एखादीने दाणा उचलला तरी तो चोचीतून निसटायचा. माती उकरणं ठाऊक नाही. संध्याकाळी आमच्या कोंबड्या खुराड्यातल्या दांडीवर चढल्या, ह्या भिंतीच्या कडेला जमिनीवरच गोळा होऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकीने अंडं दिलं. मोठं, तपकिरी, पातळ कवचाचं. ते हातात घेऊन सासूबाई म्हणाल्या, ‘तलंगेचं पहिलं अंडं एवढं कुठलं? ही म्हातारी हाय गं.’

त्याला फोन केला. ‘वहिनी, प्रवासानं दमल्यात. एकमेकींना टोचू नये म्हणून चोच जरा टोकरलीय.’ त्यानंतर फोन उचलणं बंद.

ह्या कोंबड्या म्हणजे तपकिरी अंड्यांसाठी पिंजऱ्यात ठेवतात त्या, आमच्याकडे ‘बीव्ही ३८०’ म्हणतात त्या प्रकारातल्या. पिलू आठ-दहा दिवसांचं असताना तापलेल्या पात्याने चोचीचं टोक उडवतात. गावरान कोंबडी वर्षाकाठी साठ-ऐंशी अंडी देते, ही तीनशेच्या घरात. साधारण ७२ ते ८० आठवड्यांनी अंडी घटली की खाद्य परवडत नाही, म्हणून अख्खी बॅच स्वस्तात काढून टाकतात. त्यात गैर काही नाही, रश्श्याला लोक त्या घेतातच. पण त्याच पक्ष्याला ‘गावरान’ म्हटलं की भाव कितीतरी पटीने चढतो.

एक कापली तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. गरम पाण्यात बुडवून पिसं काढली, जाळावर भाजून हळद लावली आणि पोट उघडलं. आत पिवळ्या चरबीचा जाड थर. अंड्यावर न आलेल्या तलंगेची अंडनलिका दोरीसारखी बारीक असते; हिची रुंद, वेटोळ्यांची. मांडीचं हाड हाताने कट्‌कन मोडलं, कारण वर्षभर कवचासाठी चुना हाडांतूनच गेलेला. पेटा, म्हणजे दाणा दळणारी पोटातली पिशवी, लहान आणि मऊ, आत नुसता भरडा. आमच्या कोंबड्यांचा पेटा घट्ट असतो, त्यात खडे, किडे, गवताच्या काड्या सापडतात. शिजायला मात्र हिनेही तेवढाच वेळ खाल्ला आणि इथेच बाजारात लोक चकतात. चिवट ती गावरान, हा समज पक्का बसलाय. चिवटपणा वयाने येतो, मग कोंबडी परड्यातली असो की पिंजऱ्यातली.

पुढचं जास्त वाईट. आठवडाभरात आमची एक कोंबडी तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. मग हिरवी पातळ विष्ठा, पंख लोळागोळा, मान पाठीकडे पिळलेली. मानमोडी, म्हणजे राणीखेत. बघता बघता पिलांसकट जवळजवळ सगळं खुराडं रिकामं झालं. नव्या कोंबड्या ठणठणीत! सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कारण सांगितलं. पोल्ट्रीतल्या पक्ष्यांना पिलू असल्यापासून लसी दिलेल्या असतात. रोगाचा विषाणू अंगात शिरला तरी ते स्वतः पडत नाहीत, विष्ठेतून मात्र तो सोडत राहतात. आमच्या कोंबड्यांना त्या गुलाबी पाण्यापलीकडे काही मिळालेलं नव्हतं.

खरी लस बाटलीत पाण्यासारखी नसतेच. ती काचेच्या कुपीत तळाला चिकटलेली कोरडी गोळी असते. दोन ते आठ अंशांत, बर्फात ठेवून आणतात, द्रावणात विरघळवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. लासोटा नावाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, आठव्या आठवड्याला आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस पंखाखाली टोचतात. एक कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, म्हणून एकट्या घराला ती जड वाटते. आता आमच्या वाडीतली चार-पाच घरं मिळून एकाच दिवशी करतो. मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. एकदम मर झाली तर दवाखान्यात कळवाच. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून अशा मरीकडे कुणी हलक्यात बघत नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘पावती?’ दुसरा, ‘गाडीचा नंबर?’ दोन्ही नव्हतं. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून कडकनाथ कोंबड्या पाळायला देऊन लोकांचे पैसे बुडवल्याचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा लोकांच्या हातात निदान करारपत्रं होती. दारावरच्या ह्या व्यवहारात कागदच नसतो आणि रक्कमही अशी, की पुन्हा ठाण्याची पायरी चढायला मजुरी बुडवावी लागते. हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

तेव्हा घ्यायच्याच असतील तर उजेडात घ्या. प्रत्येक कोंबडी सरळ धरून चोच बघा, नमुन्याच्या एकीवर जाऊ नका. नखं वळलेली असतील तर ती कधी माती उकरलेली नाही. शेपटीखाली दोन बारीक हाडांची टोकं हाताला लागतात. तलंगेत त्यांच्यामधे जेमतेम एक बोट मावतं, अंड्यावरच्या कोंबडीत दोन-तीन. सगळ्या एकाच रंगाच्या असतील तर गावरान म्हणणाऱ्याला पुढे जाऊ द्या. आणि कितीही खात्रीच्या असल्या तरी तीन आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यात ठेवा, आधी आपल्या कोंबड्यांचं दाणापाणी करून मग तिकडे जा. पिलं हवी असतील तर पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. तिथे नोंदणीला वेळ लागतो, पण पावती मिळते.

आमच्या माणसाची जाहिरात परवा तालुक्याच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा आली. आंब्याखाली चरणाऱ्या रंगीबेरंगी कोंबड्यांचा फोटो तोच आहे, नंबर दुसरा आणि भाव ५०० झालाय.