पाठ्यसाहित्य लेखन: प्रकाशनाच्या ऑफिसात की घरच्या टेबलावर?

शाळेची नोकरी सोडून घरून अभ्यासक्रम लिहायचं काम धरू का, असं गेल्या दोन महिन्यांत तीन शिक्षक मैत्रिणींनी विचारलं. मी 2015 ते 2020 पुण्यातल्या एका खासगी प्रकाशनाच्या कंटेंट विभागात होते आणि 2021पासून घरून फ्रीलान्स करते. प्रत्येकीला फोनवर तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

आधी एक गैरसमज. हे काम म्हटलं की लोकांना बालभारती आठवते. तिथली पुस्तकं विषय समित्या करतात. आपल्याला काम मिळतं ते खासगी प्रकाशक, शिकवणीची अॅप आणि शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थांकडून. वर्कबुकं, शिक्षक हस्तपुस्तिका, घटक नियोजन, प्रश्नपेढ्या असं ते असतं. 2023मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, 2024मध्ये एनसीईआरटीची तिसरी आणि सहावीची नवी पुस्तकं आली. मग जुनी वर्कबुकं नव्याने लिहिणं आलंच. काम आहे, ते कुठे बसून करायचं एवढंच ठरवायचं आहे.

पगार बरा की स्वातंत्र्य, असं सगळे विचारतात. मला विचाराल तर आधी दुरुस्त्यांचं बघा. एकच पाठ तिसऱ्यांदा लिहावा लागला, तर तो वेळ कोणाच्या खिशातून जातो?

2019 आठवतंय? बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्यावाचन ‘वीस एक, वीस दोन’ असं आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. आम्ही तिघी आठवडाभर आमच्या वर्कबुकातली संख्यानामं बघत बसलो होतो. वैताग आला, पण महिनाअखेरीस पगार नेहमीइतकाच जमा झाला.

आता घरची गोष्ट. तिसरीच्या भागाकारात मी लिहिलं होतं, ‘24 आंबे 6 पेट्यांत सारखे भरले’. चित्रकाराने पेट्या काढल्या 5. निरोप आला, चित्र फायनल झालंय, मजकूर बदला. 24चे 20 करायला कितीसा वेळ? पण पुढच्या पानावरचा गुणाकाराचा पडताळा त्याच 24वर होता. मग उत्तरसूची, मग हस्तपुस्तिका. ऑफिसात असते तर चित्रकाराच्या टेबलापाशी जाऊन सहावी पेटी काढून घेतली असती. घरून सात मेल झाले आणि अर्धा दिवस गेला. दर पानामागे ठरलेला, त्यामुळे तो अर्धा दिवस माझा.

पैशांचा हिशेब नीट करा. समजा नोकरीत महिन्याला 40 हजार मिळतात. वर्षाचे 4 लाख 80 हजार. मूळ पगार 20 हजार असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ, 12 टक्क्यांनी, वर्षाला 28,800. आरोग्यविमा स्वतः काढायचा म्हणून 25 हजार धरू. घरून काम केल्यावर वर्षातले बारा महिने भरत नाहीत, माझे तरी एप्रिल-मे कोरडेच जातात. नऊ महिने धरले तर त्या प्रत्येक महिन्यात जवळपास 60 हजारांचं बिल व्हायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी. वीज, इंटरनेट आणि मानदुखी वेगळी.

शिवाय बिलातून 10 टक्के टीडीएस कापून येतो. तुमचा कर तेवढा होत नसेल तर तो परत मिळतो, पण रिटर्न भरल्यावर. बिल थकण्यावर मात्र एक उपाय बऱ्याच जणींना माहीत नसतो. उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारची लघुउद्योगांची ऑनलाइन नोंदणी, करा; आधारवर होते, फुकट आहे. नोंदणी असेल तर करारात काहीही लिहिलेलं असो, 45 दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. उशीर झाला तर व्याज मागता येतं. मी अजून मागितलेलं नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक टाकते. तेवढ्यानेही हिशेब विभागाची भाषा मऊ होते.

हक्कांच्या बाबतीत कागदावर फ्रीलान्सर वरचढ. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत लिहिलेलं मालकाचं. घरून लिहिलेलं, करारात लिहून दिलं नसेल तर, सहसा तुमचं. अर्थात करारात ते नेमकं लिहून घेतलेलंच असतं. पुस्तकावर नावाचं म्हणाल, तर मला ते दोन्हीकडे क्वचितच दिसलं.

शिकायला ऑफिसच चांगलं, यात मला शंका नाही. पानात मजकूर किती मावतो, अध्ययन निष्पत्ती (पाठातून मुलाला काय यायला हवं ते) एक आणि स्वाध्याय भलताच हे कसं पकडायचं, हे मी शेजारच्या खुर्चीवरच्या संपादकबाईंच्या लाल पेनातून शिकले. त्या शिदोरीवर आजचं काम चालतं. हल्ली ‘एआयने मसुदा केलाय, फक्त नजर टाका’ म्हणून निम्म्या दरात काम येतं. परवाच्या मसुद्यात वजाबाकीला ‘शेजाऱ्याकडून 1 उधार घ्या’ होतं. उधारी नसते, एक दशक सुटा करून त्याचे दहा एकक करायचे असतात, हे माहीत नसणाऱ्याची नजर त्यावरून सरळ पुढे गेली असती. असं काम मी पूर्ण दरातच घेते, नाहीतर सोडते.

घरी असण्याचं सुख खरं आहे. लेकीला ताप आला तर रजेचा अर्ज नाही. पण ‘तू घरीच असतेस ना’ म्हणत मजल्यावरचे तीन सिलिंडर माझ्याच दारात उतरतात.

तेव्हा फक्त वर्गात शिकवण्याचा अनुभव असेल तर आधी दोन-तीन वर्षं प्रकाशनात काढा. घरात दुसरा पगार किंवा सहा महिन्यांची गंगाजळी नसेल तरी तेच. प्रकाशनातला अनुभव आणि पैशांचा हा आधार दोन्ही असेल आणि निदान दोन ग्राहक हातात असतील, तर घरून जरूर करा. फक्त करारात एक ओळ घाला. माझ्यात ती अशी आहे: ‘दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धरल्या आहेत. तिसरी फेरी आणि चित्र किंवा मांडणीमुळे करावे लागणारे बदल यांचे पैसे तासाप्रमाणे वेगळे.’ ही ओळ वाचून एक ग्राहक गेला. उरलेल्यांपैकी एकजण आता चित्रांची कच्ची रेखाटनं आधी मला पाठवतो, पेट्या मोजायला.