मुंबई ते न्यूयॉर्क: एका दमात की मध्ये उतरून?

आई-बाबांना न्यू जर्सीला बोलवायचं ठरलं की घरातला पहिला वाद तिकिटावरून होतो. मुलगा म्हणतो नॉनस्टॉप, बाबा म्हणतात दुबईवरून स्वस्त पडतं, आणि आईचं म्हणणं, ‘एवढा वळसा कशाला?’

तर आधी वळशाचंच बघू. मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. दुबईवरून गेलात तर आधी साधारण १,९००, मग ११,०००. म्हणजे जादा चारेकशे किलोमीटर. लंडनवरून तर दोनेकशेच. पृथ्वी गोल असल्यामुळे हा रस्ता उत्तरेकडे झुकतो आणि लंडन जवळपास वाटेवरच येतं. आईची शंका इथेच मिटते.

वेळेचं गणित मात्र वेगळं. नॉनस्टॉपला जाताना साधारण १५ ते १६ तास, कधी त्याहून थोडे जास्त. २०२२ पासून अमेरिकन कंपन्यांना रशियाचं आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं आकाश बंद झालं, त्यामुळे सरळ रेघ कागदावरच राहिली. दुबईमार्गे तीन-सव्वातीन तास आणि मग चौदाएक तास, म्हणजे हवेत सतरा. त्यात तीन तासांचा थांबा धरला की वीस. लंडनमार्गेही जवळपास तेवढेच, फक्त तुकडे जास्त सारखे: दहाएक आणि आठ. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सलग चौदा तासांपेक्षा हे बरं वाटू शकतं. येताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे तेच अंतर तासा-दीड तासाने आधी संपतं.

तिकिटावरच्या वेळांनी फसू नका. रात्री दीडला निघून त्याच तारखेला सकाळी सातला पोहोचता, म्हणजे साडेपाच तासांचा प्रवास नव्हे! दोन्ही वेळा आपापल्या गावच्या. उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवा, हिवाळ्यात साडेदहा. आणि ‘डायरेक्ट’ लिहिलं असेल तर नॉनस्टॉपच आहे का ते विचारून घ्या. डायरेक्ट विमान एकाच नंबराने वाटेत उतरूही शकतं.

एक पर्याय लोक विसरतात, तो अबू धाबीचा. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात चढण्याआधीच उरकतं. अमेरिकेत पुढे डॅलस-अटलांटाला जायचं असेल तर याचा खरा उपयोग. नाहीतर न्यूयॉर्कला इमिग्रेशनची रांग, बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, पुन्हा द्यायच्या, आणि पुढचं विमान डोळ्यांसमोर निघून जाण्याची धास्ती.

मला विचाराल तर आई-बाबा पहिल्यांदा आणि दोघंच जात असतील तर थोडे पैसे जास्त गेले तरी नॉनस्टॉप. चुकायला मधला विमानतळच नाही. सोबत कोणी असेल किंवा दोन-तीन वाऱ्या झाल्या असतील तर मधला थांबा घ्या, पण तो दोन तासांपेक्षा कमी नको आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढून पहिलं विमान लेट झालं, तर दुसरी कंपनी थांबत नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. बाबा ‘मला काय झालंय’ म्हणतील, तरी सांगाच.